सही करा, पण मैदानाची ओळ आधी लिहून घ्या

पत्र

ताई, आमची वसाहत मुंबईच्या पूर्व उपनगरातली, म्हाडाची, जुनी. इमारतींच्या मधोमध मैदान. आमचा फुटबॉल क्लब त्याच मैदानावर वाढला. वडील त्यात खेळले, मी लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, म्हणून खेळायचो, आता सेक्रेटरी आहे. रोज संध्याकाळी चाळीसेक पोरं असतात, हल्ली मुलीही येतात. निम्मी पोरं नाल्यापलीकडच्या वस्तीतली. मैदान अगदी मापाचं नाही, पण अकरा-अकरा खेळतात. पावसात फक्की मारली की वाहून जाते, तरी मॅच होतेच.

आता सगळ्या सोसायट्यांचा मिळून पुनर्विकास येतोय. बिल्डरच्या प्रेझेंटेशनमध्ये मैदानाच्या जागी दोन टॉवर आहेत. बदल्यात पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर, 40 बाय 20 मीटरचं ‘वर्ल्ड क्लास टर्फ’ देणार म्हणतात. माझी आई 78 वर्षांची. आम्ही चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघ्यांमुळे ती कित्येक महिने खाली उतरलेली नाही. घरचे म्हणतात, सही करून मोकळा हो. क्लबच्या ग्रुपवर पोरांनी लिहिलंय, ‘सेक्रेटरी मॅनेज झाला.’ ज्यांनी क्लब काढला ते अण्णा माझ्याशी बोलायचे बंद झालेत. सही केली तर गद्दार, नाही केली तर आईचा गुन्हेगार. काय करू?

एक जुना लेफ्ट बॅक

उत्तर

लेफ्ट बॅक, सही करा. आईला जिना उतरता येत नाही, एवढं एक कारण पुरेसं आहे आणि त्यासाठी कोणाची माफी मागायची गरज नाही. शिवाय सोसायटीच्या पुनर्विकासाला 51 टक्के सभासदांची संमती लागते. तुमच्या एका नकारानं टॉवर अडणार नाहीत. तुमचं नाव फक्त ‘विरोधक’ या रकान्यात जाईल, आणि करारात काय लिहायचं हे ठरतं त्या खोलीत विरोधकांना कोणी बोलावत नाही. तुम्ही त्या खोलीत असायला हवं.

पण सही आज करू नका. करायची आहे ती एका अटीवर, आणि ती अट सभेच्या इतिवृत्तात चढल्यावर. माझं सगळं उत्तर त्या अटीबद्दल आहे.

तुमच्या पत्रात घर आणि मैदान असे एकमेकांना जखडले आहेत की एक घ्यायचं तर दुसरं सोडायलाच हवं. ही जोडी बिल्डरनं लावलीय, तुम्ही ती मान्य करून बसलात. तुमच्या सोसायट्यांना घरं मिळण्यासाठी ते मैदानच गेलं पाहिजे, असं कोणत्याही नियमात नाही. विक्रीच्या इमारती कुठे उभ्या करायच्या हा नकाशाचा प्रश्न आहे आणि नकाशे बदलतात. मग टॉवर नेमके मैदानावरच का? कारण मोकळ्या जागेवर कोणी राहत नाही. तिथे कोणाला भाडं द्यायला नको, कोणाचं सामान हलवायला नको, कोणाच्या मिनतवाऱ्या नकोत. पहिल्या दिवशी जेसीबी घालता येतो. बिल्डर दुष्ट असतो म्हणून मैदान आधी जातं असं नाही, ते रिकामं करून घ्यायला काहीच लागत नाही म्हणून जातं. हे एकदा लक्षात आलं की भांडण कशाचं आहे तेही दिसतं: बांधकामाच्या क्रमाचं.

पण आधी कागद. मैदान कोणाचं आणि कागदावर ते काय आहे, हे मला तुमच्या पत्रातून कळलं नाही. तुम्हालाही माहीत नसावं अशी शंका येते. पालिकेकडून त्या भूखंडाचा डीपी रिमार्क काढा, म्हणजे विकास आराखड्यात ती जागा कशासाठी दाखवलीय याचा दाखला. मालमत्ता पत्रक काढा. म्हाडाकडे माहिती अधिकारात दहा रुपये भरून मूळ मंजूर ले-आऊट आणि प्रस्तावित ले-आऊट, दोन्हींच्या प्रती मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. दोन नकाशे शेजारी ठेवून पाहा. मूळ नकाशात तिथे ‘खेळाचे मैदान’ लिहिलंय, ‘मनोरंजन मैदान’ लिहिलंय, की नुसती पांढरी जागा आहे? पुढचं सगळं त्यावर अवलंबून.

विकास आराखड्यात खेळाचं मैदान म्हणून आरक्षण असेल तर ते परस्पर उडवता येत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली फेरबदलाची सूचना प्रसिद्ध करावी लागते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. हरकत कोणीही घेऊ शकतं, नाल्यापलीकडच्या पोराचा बापसुद्धा. सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली बंगळुरूच्या एका प्रकरणात उद्यानासाठी राखलेली जागा खासगी इस्पितळाला देणं रद्द केलं होतं. इस्पितळ ही चांगलीच गोष्ट, पण म्हणून मोकळी जागा तिला देता येत नाही, असा तो निकाल. तुमच्या वकिलाला तो ठाऊक असेल. नसेल तर वकील बदला.

पण तेवढ्यानं आरक्षण म्हणजे चिलखत समजू नका. मुंबईत आरक्षित मोकळ्या भूखंडांवर झोपडपट्टी असेल तर तिथे पुनर्वसन योजना करता येते आणि 35 टक्के जागा मोकळी ठेवली की भागतं. ही तरतूद मुंबई उच्च न्यायालयानं 2025 मध्ये उचलून धरली. आणि ज्या वाचकांचं मैदान खासगी मालकीच्या आरक्षित जमिनीवर आहे त्यांच्यासाठी: आराखडा लागू होऊन दहा वर्षांत पालिकेनं जमीन घेतली नाही, तर मालक त्याच अधिनियमाच्या कलम 127 ची नोटीस देतो. पुढच्या चोवीस महिन्यांत संपादनाचं पाऊल पडलं नाही, तर आरक्षण आपोआप जातं. कित्येक मैदानं अशी गेली आहेत. खलनायक कोणीच नसतो, फक्त फाइल कोणाच्या तरी टेबलावर पडून असते. नोटीस आली का, हे क्लबनंच अधूनमधून विचारत राहायला हवं.

आता त्या टर्फकडे येते. मला या पत्रात सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

फुटबॉलच्या नियमात मैदान किमान 90 मीटर लांब आणि 45 मीटर रुंद लागतं. म्हणजे 4,050 चौरस मीटर, जवळपास बरोबर एक एकर. 40 गुणिले 20 म्हणजे 800. एक पंचमांशाहूनही कमी. तिथे पाच-पाच जणांचा खेळ होतो, तो मजेचा असतो, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्यावर लीगचा सामना होत नाही, लेफ्ट बॅकला कडेनं पुढे धावत ओव्हरलॅप करायला जागा मिळत नाही आणि गोलीला लांब किक मारता येत नाही, कारण जाळीच्या पलीकडे कोणाची तरी बाल्कनी असते. तुम्ही हे माझ्यापेक्षा जास्त जाणता. सभेत मात्र ‘टर्फ मिळतंय ना?’ म्हटल्यावर तुम्ही गप्प बसला असणार. पुढच्या सभेत टेप घेऊन जा. आजचं मैदान आधी मोजून ठेवा, चारही बाजूंनी, फोटोसकट.

पोडियमबद्दल कायद्यातही काही आहे. 2013 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्याच एका प्रकल्पाच्या प्रकरणात सांगितलं की ले-आऊटमध्ये सक्तीनं ठेवायची मोकळी जागा जमिनीवर, आकाशाला खुली हवी, पोडियमवर चालणार नाही. नंतरच्या नियमावलीत पोडियमला थोडा वाटा मिळाला, पण सगळीच मोकळी जागा वर उचलून ठेवता येत नाही. तुमच्या प्रस्तावात जमिनीवर किती चौरस मीटर दाखवलेत आणि त्यातले सलग किती, ते पाहा. सलग हा शब्द ठळक करून घ्या. इमारतींच्या कडेनं फिरवलेल्या हिरव्या पट्ट्यांची बेरीज नकाशावर एकरभर होते. त्या पट्ट्यांवर कोणी कॉर्नर मारून दाखवावा.

आणि मापापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे फाटक. आज नाल्यापलीकडचं पोर चप्पल हातात घेऊन सरळ मैदानात येतं. उद्या पोडियमवर जायला त्याला गेटवरच्या सिक्युरिटीच्या ॲपमध्ये नोंद करावी लागेल, आतल्या कोणाची तरी परवानगी लागेल, मग लिफ्ट, मग स्लॉट आणि तासाचे पैसे. ते येणारच नाही. वसाहतीतल्या पोरांना या व्यवहारात निदान मोठं घर मिळतंय. पलीकडच्या पोरांना मैदानाशिवाय काही मिळत नव्हतं, आणि सर्वसाधारण सभेत त्यांचं एकही मत नाही. तुमच्या अपराधी वाटण्याला खरी जागा असेल तर ती इथे आहे. त्यांच्या वतीनं बोलणारा त्या खोलीत एकच माणूस असू शकतो आणि तो क्लबचा सेक्रेटरी.

इंग्लंडची तीन उदाहरणं देते. फुटबॉलची मैदानं घरांनी आणि दुकानांनी गिळण्याचा जेवढा अनुभव त्यांना आहे तेवढा दुसऱ्या कोणाला नसेल. ब्रायटनचा क्लब 1902 पासून गोल्डस्टोन ग्राउंडवर खेळत होता. संचालकांनी ते 1995 मध्ये विकलं, नवं मैदान कुठे हे ठरलेलं नसताना. शेवटचा सामना एप्रिल 1997 मध्ये झाला आणि तिथे दुकानांचं संकुल आलं. क्लब दोन हंगाम शंभरेक किलोमीटर लांब जिलिंगहॅमला खेळला, मग एका ॲथलेटिक्सच्या ट्रॅकवर. स्वतःचं स्टेडियम मिळालं 2011 मध्ये. चौदा वर्षं! तो क्लब व्यावसायिक होता, पाठीशी हजारो माणसं होती, म्हणून टिकला. तुमचा चौदा महिनेही टिकणार नाही.

विम्बल्डनचं आणखी कठीण. 1991 मध्ये त्यांनी प्लाव लेन हे मैदान सोडलं, ‘तात्पुरतं’. दुसऱ्या क्लबच्या मैदानावर भाड्यानं राहिले. मग जुनी जागा विकली गेली, तिथे पुढे फ्लॅट झाले आणि क्लब थेट मिल्टन कीन्स नावाच्या वेगळ्याच गावी हलवला गेला. चाहत्यांनी 2002 मध्ये स्वतःचा नवा क्लब काढला, अगदी खालच्या पातळीपासून, आणि 2020 च्या नोव्हेंबरमध्ये ते प्लाव लेनवर परतले, जुन्या जागेपासून हाकेच्या अंतरावर. तात्पुरतं एकोणतीस वर्षं चाललं. तुमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे: त्या नव्या स्टेडियमला लागूनच शेकडो घरं बांधली गेली, एकाच योजनेत. म्हणजे घरं आणि मैदान एका नकाशात बसतात. कोणीतरी तसा नकाशा मागावा लागतो.

तिसरा डलविच हॅम्लेट, लंडनचा छोटा क्लब, 1893 चा. 2018 मध्ये जागेच्या विकासकाशी वाद होऊन क्लबला मैदानाबाहेर काढलं गेलं, आणि विकासकाशी संबंधित कंपनीनं क्लबच्या नावाचाच ट्रेडमार्क घेतला! क्लबला स्वतःचं नाव वापरण्यावरून नोटीस आली. आरडाओरडा झाला, पुढाऱ्यांना लाज वाटली, डिसेंबरात क्लब परत आला. त्यावरून माझा तुम्हाला प्रश्न: तुमच्या क्लबचं नाव कोणाच्या नावावर आहे?

विचारते कारण आपल्याकडच्या क्लबांची दुखरी नस हीच. मंडळ कधीतरी नोंदवलेलं असतं, 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि मग धर्मादाय आयुक्तांकडे. पुढे कार्यकारिणी बदलते, पण चेंज रिपोर्ट कोणी दाखल करत नाही. ऑडिट थांबलेलं असतं. कागदावर अध्यक्ष म्हणून जे नाव असतं त्यांच्या फोटोला हार घालून दहा वर्षं झालेली असतात. असा क्लब हरकत घ्यायला गेला की समोरचा एवढंच विचारतो, ‘आपण कोण?’ आणि विषय तिथेच संपतो. त्यामुळे नोंदणीचा दाखला शोधा, राहिलेले चेंज रिपोर्ट भरा, लीगमधल्या नोंदणीच्या पावत्या, सामन्यांची पत्रकं, मैदान वापराची जुनी परवानगीपत्रं, सगळं एका फाइलमध्ये लावा. कंटाळवाणं काम आहे. घोषणा देणाऱ्यांतलं कोणी ते करणार नाही, तुम्हालाच करायचंय.

आता एक कडू घोट. ‘आम्ही पन्नास वर्षं खेळतोय’ म्हणून मैदान आपलं होत नाही. खेळण्यानं मालकी येत नाही. पण ही जागा खेळाचं मैदान म्हणून सतत वापरात होती, हे त्या फाइलमुळे दाखवता येतं आणि ‘पडीक मोकळी जागा’ असं प्रस्तावात लिहिणाऱ्याचं तोंड बंद होतं.

तर अट. मी मसुदा देते, तुमचा वकील तो सुधारेल. सर्वसाधारण सभेत ठराव मांडा: ‘प्रस्तावित ले-आऊटमध्ये जमिनीवर, सलग, किमान 90 बाय 45 मीटरचे खेळाचे मैदान दाखवण्यात यावे. ते पूर्ण होऊन वापरास मिळेपर्यंत सध्याच्या मैदानावर खोदकाम, साइट ऑफिस, काँक्रीटचा प्लांट अथवा कामगारांची वसाहत करण्यात येऊ नये. मैदानास सार्वजनिक रस्त्यावरून स्वतंत्र प्रवेशद्वार असावे. क्लबला ठरलेल्या वेळी ते विनामूल्य मिळावे.’ हा ठराव विकास करारनाम्याचा भाग झाला पाहिजे, परिशिष्टातल्या सुविधांच्या यादीत नको. त्या यादीखाली बारीक अक्षरात ‘बदलाचे अधिकार राखून’ लिहिलेलं असतं.

‘पूर्ण होऊन वापरास मिळेपर्यंत’ यावर सगळ्यात जास्त ताणा. समजा बिल्डर म्हणाला, मैदान ठेवतो, पण काम संपल्यावर देतो. ऐकायला बरं वाटतं. पण असं काम सहा-सात वर्षं चालतं. आज बारा वर्षांचं पोर तोवर अठरा-एकोणीसचं होतं, आणि मधल्या काळात ज्यांनी सुरुवात करायची ती पिढी बॉलला पाय न लावताच मोठी होते. क्लब मरतो तो त्या फटीत, आणि मग नवं कोरं मैदान मिळालं तरी खेळायला कोणी नसतं. बिल्डर अगदीच ऐकत नसेल, तर बांधकामाच्या काळापुरतं जवळचं शाळेचं किंवा पालिकेचं मैदान त्याच्या खर्चानं, लेखी करारानं घ्या, आणि नव्या मैदानाची तारीख चुकली तर दरमहा दंड किती, तेही लिहा. पूर्ण माप बसतच नसेल तर माघार कुठे घ्यायची तेही आधीच ठरवून जा. 60 बाय 40 मध्ये मुलांचे सात-सातचे सामने चांगले होतात. त्याखाली मी तरी सही करणार नाही.

शब्दांचा एवढा कीस का काढते, असं वाटेल. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींचं आठवा. 1991 च्या नियमात त्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी होता. 2001 मध्ये नियम बदलला: आता वाटणी फक्त मुळात रिकाम्या असलेल्या जमिनीची, शेड पाडून मोकळी झालेली धरायची नाही. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तोच बदल टिकला. शहराला मिळायची मैदानं एका व्याख्येत आक्रसली. मफतलाल, ऑर्के अशा गिरण्यांचे फुटबॉल संघ एकेकाळी मुंबईत नाव काढून होते. आज तिकडच्या टॉवरांत राहणारी मुलं फुटबॉल खेळायला टर्फ बुक करतात.

ग्रुपवरच्या पोरांशी वाद घालू नका. ‘मॅनेज झाला’ला उत्तर नसतं. डीपी रिमार्क आला की त्याची पीडीएफ टाका, नकाशे आले की ते टाका, ठरावाचा मसुदा टाका, आणि प्रत्येकाला एक काम द्या. जो सगळ्यात जास्त ओरडतोय त्याला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पाठवा. तिथल्या रांगेत राग पुष्कळ निवळतो.

अण्णांकडे मात्र स्वतः जा, सभेच्या आधी. समजूत काढायला जाऊ नका, त्यांना ते कळेल आणि ते आणखी चिडतील. कामासाठी जा. पहिली पावतीपुस्तकं, जुने फोटो, परवानगीची पत्रं त्यांच्याकडेच असणार, बहुधा पलंगाखालच्या ट्रंकेत. मला ती हवीत, ठराव मांडायचाय, तुम्ही अनुमोदन द्याल का, एवढंच विचारा. आईचंही सांगा, न लपवता. ज्या माणसानं तुम्हाला लहानपणी मैदानात ओरडून ओरडून जागा धरायला शिकवली, त्याला तुमच्या घरचा चौथा मजला ठाऊक असतो. तरीही ते बोलले नाहीत, तर ठराव त्यांच्याशिवाय मांडा. त्यांच्या रुसव्यासाठी महिना घालवू नका, माहिती अधिकाराचे तीस दिवस तुम्हाला तसेही मोजायचे आहेत.

राहता राहिली आई. नवं घर मिळेपर्यंत काही वर्षं तुम्ही भाड्याच्या घरात असाल आणि त्याबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. बिल्डर भाडं एकरकमी देतोय की महिन्याच्या महिन्याला, दरवर्षी वाढ किती, थकलं तर बँक गॅरंटी आहे का, हे त्याच करारात पाहून घ्या. आणि भाड्याचं घर बघताना तळमजला किंवा चालती लिफ्ट, यातलं एक तरी हवंच. ते मिळत असेल तर करार होण्याची वाट पाहू नका. जमत असेल तर आईला पुढच्या महिन्यातच हलवा.